पिठाच्या डब्याला टेकवलेलं पुस्तक

माझ्यावर सगळ्यांत जास्त उपकार कुणाचे, असं कुणी विचारलं तर मला विचार करावा लागत नाही. माझ्या वहिनींचे, म्हणजे थोरल्या भावाच्या बायकोचे. आमच्या घरात माझ्या आधी कॉलेजची पायरी कुणी चढलेलं नव्हतं. मी बी. ए. झालो, पण त्या तीन वर्षांत एकही पुस्तक मी स्वतः वाचलेलं नाही. सगळी पुस्तकं मी वहिनींच्या तोंडून ऐकली.

आमचं घर जळकोटला, हमरस्त्याला लागून. दादाचं पंक्चरचं दुकान अगदी रस्त्यावरच. लहानपणी मला दिवसा चांगलं दिसायचं, पण दिवेलागणीच्या वेळी मी भिंतीला हात लावत घरात शिरायचो. आई म्हणायची, पोरगं धांदरट आहे. नववीत फळा पुसट झाला आणि मग सोलापूरच्या डॉक्टरांनी सांगितलं की डोळ्यांचा मागचा पडदा वाळत चालला आहे, त्याला औषध नाही, नजर हळूहळू कमी होत जाईल. ती तशीच होत गेली.

मी अकरावीत असताना दादाचं लग्न झालं. वहिनी उमरग्याकडच्या, बारावी पास. त्यांना पुढं शिकायचं होतं, पण लग्न ठरलं आणि ते राहून गेलं. घरात येऊन त्यांना थोडेच दिवस झाले होते. मी चुलीच्या उजेडाला इतिहासाचं पुस्तक नाकाला लावून बसलो होतो.

"भावजी, पुस्तक वाचताय का खाताय?"

मी ओशाळून म्हणालो, "दिसत न्हाय नीट."

"मग तसं सांगायचं की. आणा हिकडं."

त्यांनी पुस्तक पिठाच्या डब्याला टेकवून उभं केलं आणि भाकरी थापता थापता वाचायला सुरुवात केली. भाकरी तव्यावर टाकली की पानाकडं बघायचं, भाकरी उलटायच्या आधी दोन ओळी, उलटल्यावर चार ओळी. आईला हे नवीनच होतं. ती म्हणाली, "अगं, भाकर बघ, करपंल."

"करपली तर माझ्या ताटात वाढा, आत्याबाई," वहिनी म्हणाल्या आणि पुढची ओळ वाचली.

त्या दिवसापासून हेच चालू झालं. वहिनींना अर्थशास्त्र आवडायचं, कारण त्यात भांडता यायचं. मागणीचा नियम वाचून झाला की त्या थांबायच्या. "किंमत वाढली की मागणी कमी व्हती म्हणं. मग सोनं महागलं तरी लोकं सराफाच्या दुकानात गर्दी का करतेत? हे ल्हिणाऱ्याला कुणी बायको न्हवती काय?" दादा बाहेरून ओरडायचा, "अगं, त्याला परीक्षेत तुझं भांडण ल्हायचं हाय का?"

एक अडचण होती. परीक्षेत मला लेखनिक मिळणार होता. मी सांगायचं आणि त्यानं लिहायचं. पण वाक्य कुठं थांबतं, कुठं जरा अडतं, हे मला ऐकून कळायला हवं होतं, म्हणजे मीही तसं सांगू शकेन. वहिनींनी यावर स्वतःच तोड काढली. डब्याच्या झाकणावर नखानं एक टिचकी म्हणजे स्वल्पविराम, दोन टिचक्या म्हणजे पूर्णविराम. प्रश्नचिन्हाला टिचकीची गरज नव्हती, प्रश्न विचारायचा म्हटलं की त्यांचा आवाज आपोआप चढायचा. ही सवय माझ्याही बोटांत उतरली. पहिल्या वर्षाच्या परीक्षेत मी लेखनिकाला उत्तर सांगत होतो आणि बोटं नकळत बाकावर वाजत होती. एक टिचकी, मग दोन. पर्यवेक्षक मागं येऊन उभे राहिले.

"काय वाजवताय? कुणाला खूण करताय?"

मी सांगितलं, "सर, स्वल्पविराम."

त्यांना वाटलं मी थट्टा करतोय. केंद्रप्रमुखांना बोलावलं गेलं. मी पिठाच्या डब्यापासून सगळं सांगितलं. केंद्रप्रमुख म्हणाले, "चालू द्या. पण हळू वाजवा, शेजारचा पोरगाही स्वल्पविराम टाकायला लागला तर अवघड होईल."

बी. ए. झालो. सोलापूरला एका शिबिरात अंधांसाठीचा बोलका संगणक शिकलो आणि धाराशिवात एका शिक्षण संस्थेच्या कार्यालयात कनिष्ठ लिपिक म्हणून लागलो. नोकरीचे सगळे अर्ज वहिनींच्या अक्षरात गेलेले. एकदा त्या म्हणाल्या होत्या, "साऱ्या जगाला माझ्या हातानं कागद लिवून घेतले. मला मातर कधी एक ओळ न्हाय धाडली." त्या हसत म्हणाल्या, मीही हसलो. पण खरं होतं ते. त्यांना पत्र लिहायचं तर ते मला त्यांच्याकडूनच लिहून घ्यावं लागलं असतं.

कार्यालयातला माझा संगणक जुना होता. त्यावर पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर होतं. मी बाण हलवला की तो आवाज ओळ वाचायचा. इंग्रजीत ते फर्डं होतं, मराठी आली की एकेक अक्षर सुटं सुटं म्हणत अडखळायचं. त्यामुळं मराठी कागद शेजारच्या टेबलावरच्या मॅडम मला वाचून दाखवायच्या. त्यांनी कधी कुरकुर केली नाही, पण त्यांचं काम थांबवून मला हाक मारावी लागते हे मला रोज टोचायचं. तरी बाकीचं काम माझं मी करत होतो. वहिनींना मी सांगितलं होतं, "आता तुमची सुटका झाली."

त्यांनी ती सुटका कारणी लावली. मुलं मोठी झाल्यावर त्यांनी मुक्त विद्यापीठात नाव घातलं. पुन्हा डब्याला पुस्तक टेकलं, या वेळी स्वतःचं. बघता बघता त्या शेवटच्या वर्षाला आल्या.

आणि नेमक्या त्याच वर्षी आमच्या कार्यालयातले संगणक बदलले. म्हणजे यंत्रं तीच राहिली, आतली प्रणाली बदलली. जुन्या प्रणालीचे अपडेट बंद झाले होते, नवीन यंत्रं घ्यायला मंजुरी नव्हती, तेव्हा एक दुरुस्तीवाला येऊन सगळ्यांवर लिनक्स नावाची फुकट मिळणारी प्रणाली घालून गेला. बाकीच्यांची कुरकुर एवढीच की चित्रं वेगळी दिसतात. माझा संगणक मात्र मुका झाला. जुनं बोलकं सॉफ्टवेअर या प्रणालीवर चालत नव्हतं. दुरुस्तीवाला जाता जाता म्हणाला, "याच्यात बी असंल काहीतरी तसलं. शोधा."

शोधा म्हणणं सोपं होतं. ज्या पडद्यावर शोधायचं तोच बोलत नव्हता.

आमचे कार्यालय अधीक्षक मनानं वाईट नाहीत. त्यांनी मला बोलावून सांगितलं, "हे बघा, प्रवेश सुरू झाले की मला प्रत्येक टेबल चालतं पाहिजे. तोवर जमलं तर उत्तम. न्हाई तर तुम्ही फोनवर बसा. पगार तोच राहील, काळजी करू नका."

पगाराची काळजी नव्हतीच. पण फोनवर बसायचं म्हणजे आलेला फोन दुसऱ्याला जोडून द्यायचा आणि पुन्हा हात मांडीवर ठेवून बसायचं.

ही गोष्ट मी घरी सांगायला नको होती, पण फोनवर दादा खोदून खोदून विचारत राहिला आणि मी सांगून बसलो. दुसऱ्या मिनिटाला फोन वहिनींच्या हातात.

"मी येते. तुमच्या खोलीवर दोन महिने राहते. कागद वाचून देते, तुमी काम करा."

"वैनी, तुमची परीक्षा हाय."

"परीक्षा काय, पुढल्या साली देईन."

त्या हे अगदी सहज म्हणाल्या. बारावीनंतर त्यांचं शिक्षण एकदा असंच 'पुढल्या साली'वर गेलं होतं आणि ते साल यायला त्यांची मुलं मोठी व्हावी लागली होती. मी म्हणालो, "थांबा जरा. मी बघतो."

"बघा. पण महिनाअखेरच्या आत सांगा, मला कपडे भरायला टाइम लागतोय."

माझा मोबाइल बोलका आहे, त्यामुळं शोध त्याच्यावर सुरू केला. कानाला लावून ऐकत, एकेक पान पुढं ढकलत. अंध लोकांचा एक चर्चेचा कट्टा सापडला. देशोदेशीची माणसं तिथं एकमेकांच्या अडचणी सोडवत होती. तिथं कुणीतरी लिहिलं होतं की या प्रणालीत पडदा वाचणारं सॉफ्टवेअर बहुतेक वेळा आधीपासूनच असतं, तीन कळा एकत्र दाबल्या की ते जागं होतं. मी धावत टेबलाशी आलो आणि तीन कळा दाबल्या.

शांतता.

पुन्हा दाबल्या. पुन्हा शांतता. त्या आठवड्यात मी त्या कळा किती वेळा दाबल्या असतील सांगता येणार नाही. दुपारच्या सुट्टीत, सकाळी आल्या आल्या, जाताना शेवटचं म्हणून. शेजारच्या मॅडम म्हणाल्या, "अहो, पेटी वाजवताय का?"

मग एका सकाळी आमच्या शिपायांनी, ज्यांना आम्ही सगळे मामा म्हणतो, माझ्या टेबलाखाली वाकून विचारलं, "ही वायर कशाची हो? झाडणाऱ्या मावशीनं मोबाइल चार्जिंगला लावायला काढून ठेवलीय वाटतं."

ती स्पीकरची वायर होती. मामांनी ती खोचली. मी तीन कळा दाबल्या. काहीच नाही. पुन्हा दाबल्या आणि अख्ख्या कार्यालयात एक आवाज घुमला. इंग्रजीत होता, नाकात होता आणि पूर्ण जोरात होता. मामा दचकून मागं सरले. "आई गं! भूत उठलं तुमचं, साहेब!"

तेव्हा लक्षात आलं. ते सॉफ्टवेअर पहिल्या दिवसापासून होतं. मी कळा दाबायचो तेव्हा ते सुरू व्हायचं आणि ऐकू आलं नाही म्हणून पुन्हा दाबल्या की बंद व्हायचं. आठवडाभर ते बिचारं मुक्या स्पीकरमधून माझ्याशी बोलत होतं. मी खुर्चीत बसलो आणि खूप हसलो. मॅडमही हसल्या. त्यांचा आवाज जरा ओला होता, त्यावरून कळलं की माझी काळजी त्यांनाही लागली होती.

पुढचे काही दिवस मी लहान पोरासारखा त्या प्रणालीत हिंडत होतो. तिच्यात सॉफ्टवेअरचं एक दुकान होतं. हवं ते नाव टाइप करायचं, उतरवून घ्यायचं. सगळं फुकट. आवाजाच्या यादीत मराठी सापडली. ती निवडल्यावर त्यानं देवनागरी मजकूर सलग वाचला, सुटी अक्षरं नाहीत, अडखळणं नाही. उच्चार यंत्राचे होते, जीव नव्हता त्यात, पण शब्द शब्दासारखा यायचा. मराठीत टाइप करायचा कळफलकही तिथंच होता. मी माझ्या गावाचं नाव टाइप केलं आणि त्यानं ते परत म्हणून दाखवलं.

पण खरी चैन पुढं होती. आमच्याकडं येणारी परिपत्रकं बहुतेक स्कॅन केलेली असतात, म्हणजे कागदाचा फोटोच. फोटो नुसतं बोलकं सॉफ्टवेअर वाचू शकत नाही, जुन्या संगणकावर तर प्रश्नच नव्हता. इथं मला एक सॉफ्टवेअर मिळालं, जे चित्रातली छापील अक्षरं ओळखून त्यांचा मजकूर करून देतं. मराठीसुद्धा. तेही फुकट.

करून बघायला छापील मराठी काय, तर माझ्या खोलीवर बी. ए.चं अर्थशास्त्राचं पुस्तक होतं. वाचता येत नसताना मी ते का जपून ठेवलं होतं, हे मला सांगता आलं नसतं. दुसऱ्या दिवशी ते नेलं आणि मामांना म्हणालो, मागणीच्या नियमाचं पान उघडून स्कॅनरच्या काचेवर उपडं घाला. पान उघडताच मामा म्हणाले, "साहेब, पुस्तक दळून आणलंय का? काच पांढरी झाली की!"

ज्वारीचं पीठ होतं. इतक्या वर्षांनीसुद्धा पानांच्या बेचक्यात राहिलेलं.

यंत्रानं वाचायला सुरुवात केली. इतर परिस्थिती कायम असताना, किंमत वाढली की मागणी घटते. माझं बोट टेबलावर आपोआप वाजलं. मग एका जागी त्याचा गोंधळ उडाला, काहीतरी अगम्य बडबडलं आणि पुढच्या ओळीवर गेलं. मामांनी बघून सांगितलं की तिथं भाकरीच्या पिठानं माखलेल्या बोटाचा ठसा वाळून बसला आहे. पुस्तकाची ती ओळ काही मला आठवेना. तिथं वहिनी सोन्यावरून भांडल्या होत्या ते मात्र अक्षर न अक्षर आठवलं.

दादाला मी दुकानावर फोन केला. वहिनींना अजून काही सांगू नको म्हणालो. सगळं ऐकून तो म्हणाला, "फुकट? आजकाल कोण देतंय रे फुकट? मागनं बिल येतंय बघ."

"न्हाय येत. जगभरातली माणसं मिळून करतेत आन् ठेवून देतेत. तू न्हाय का दुकानासमोर ट्रकवाल्यांसाठी माठ ठेवत, तसं."

मागून कुणीतरी टायर आपटल्याचा आवाज आला. "आरं, पण माठ रोज भरावा लागतोय. त्यांचा कोण भरतंय?"

हा प्रश्न माझ्या डोक्यात आला नव्हता. मी म्हणालो, "ज्याला जमंल तो."

"मग ठीक हाय. तूबी कधी जमलं तर एक कळशी वत."

कळशी ओतायची म्हणजे काय करायचं ते मला अजून पुरतं उमगलेलं नाही. त्या चर्चेच्या कट्ट्यावर मी एवढंच लिहिलं की कळा दाबून आवाज आला नाही तर आधी स्पीकरची वायर बघा. दोघातिघांनी आभार मानले.

अधीक्षकांनी एक परिपत्रक पाठवलं होतं, शिक्क्याशिक्क्यांनी भरलेलं. शिक्का आला तिथं यंत्र गडबडलं, तक्त्याचे रकाने त्यानं एकमेकांत मिसळले, तेवढ्यापुरतं मी मॅडमना विचारलं. बाकी सगळं मी एकट्यानं ऐकलं, उत्तर मराठीत टाइप केलं, परत ऐकून तपासलं आणि छापून त्यांच्या टेबलावर नेऊन ठेवलं. त्यांनी ते वाचलं. मग म्हणाले, "फोनवर आपण दुसरं कुणीतरी बघू."

मी जागेवर परत येऊन पुढचा कागद काचेवर ठेवला.

त्याच दिवशी वहिनींचा फोन आला. "भावजी, पिशवी भरली. सोमवारच्या गाडीनं येते."

"सोमवारच्या आधी एक पाकीट येईल. ते वाचा आन् मग ठरवा."

"पाकीट? कुणाचं?"

मी फोन ठेवून दिला. बसस्थानकावर उमरग्याकडं जाणाऱ्या गाडीचे एक वाहक ओळखीचे आहेत. दादाच्या दुकानासमोर गाडी जरा हळू होते. दरवाज्यातून पाकीट दादाच्या हातात द्यायचं त्यांनी कबूल केलं. त्यात हे पत्र होतं.

*

वहिनी,

हे पत्र कुणाच्या अक्षरात आहे म्हणून तुम्ही आधी उलटून बघाल. कुणाच्याच नाही. ते मी टाइप केलं आहे, मीच ऐकून तपासलं आहे आणि पाकिटात घालेपर्यंत दुसऱ्या कुणी वाचलेलं नाही. चूक राहिली असेल तर माझी.

पिशवी रिकामी करा. कपडे परत कपाटात ठेवा. तुम्ही यायची गरज उरली नाही. संगणक बोलायला लागला आहे आणि आता मराठीही वाचतो. कागद काचेवर ठेवला की तो कागदही वाचतो. कसं ते तुमची परीक्षा झाल्यावर सविस्तर सांगेन. आत्ता सांगितलं तर तुम्ही अभ्यास सोडून प्रश्न विचारत बसाल.

त्याचा आवाज तुमच्यासारखा नाही. तो नाकात बोलतो, सोन्यावरून भांडत नाही आणि भाकरी करपली का ते त्याला कळत नाही. पण तो थकत नाही आणि त्याची परीक्षा नसते. म्हणून त्याला कामाला लावलं आहे आणि तुम्हाला मोकळं केलं आहे. या वेळी खरोखर.

तुम्ही म्हणालात, परीक्षा पुढल्या साली देईन. वहिनी, याच साली द्या. एवढं एकच मागणं आहे, आजवर तुमच्याकडं पुष्कळ मागितलं त्यात हे शेवटचं धरा.

पेपरच्या दिवशी चुलीपाशी जाऊ नका. दादाला भाकरी थापता येत नाही हे मला माहीत आहे. तो नळदुर्गहून पाव आणील, सगळ्यांनी एक दिवस पाव खावा. आईला मी फोनवर समजावतो.

अभ्यासात अर्थशास्त्राचा पेपर असेल तर माझं जुनं पुस्तक इथं आहे. मागणीच्या नियमाच्या पानावर तुमचं पीठ अजून आहे. एक ओळ यंत्राला लागली नाही. ती तुम्हाला पाठ असेल, निकाल लागल्यावर इकडं आलात की म्हणून दाखवा.

पत्रात स्वल्पविराम मी जपून घातले आहेत. दादाला वाचून दाखवाल तेव्हा डबा जवळ घ्या.

तुमचा,
भावजी